सीची शेपटी

"यंदा बिंगोचे आकडे कम्प्युटर काढणार," ओस्मारने जत्रा समितीच्या बैठकीत जाहीर केलं, आणि वर हसून म्हणाला, "बाईंनी आता आराम करायचा."

लेओकादिया बाई कॉफी ढवळत होत्या. त्यांनी चमचा बशीत ठेवला. आमच्या पेद्रा मान्सा गावात बाईंना आराम करायला कुणी सांगत नाही. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलंय, आणि निवृत्त झाल्यापासून दुकानाची पाटी असो नाहीतर थडग्यावरचा मजकूर, येता-जाता त्या दुरुस्त करत असतात. संत जुआंवच्या जत्रेतला बिंगो तर त्यांचाच. माईक हातात घेऊन बाई नुसता आकडा कधी सांगत नाहीत. बावीस निघाला की "तळ्यातली दोन बदकं", तेहतीस निघाला की "ख्रिस्ताचं वय", अकरा निघाला की "एकामागे एक". आमच्या म्हाताऱ्यांना आकडा ऐकू येत नाही, पण बदकं बरोबर ऐकू येतात. वर्षातली ती एकच संध्याकाळ बाईंसमोर अख्खा गाव पुन्हा वर्गात बसल्यासारखा गप्प बसतो, आणि बाई त्या संध्याकाळच्या जोरावर वर्षभर जगतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, ओस्मारलाही.

"कसला आराम?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, मागच्या खेपेला आकड्यांच्या गोट्यांच्या पिंजऱ्याचं दार निघालं आणि सगळ्या गोट्या उतारावरून ओढ्यात गेल्या. लोक पँटी वर करून शोधत होते. आता माझा भाचा प्रोग्रॅम करतोय. मोठ्या पडद्यावर आकडा, आणि आवाजही यंत्राचाच."

आमच्याकडे कम्प्युटरचं कुठलंही काम निघालं की कुणाचा तरी भाचा निघतोच. त्याला ते काम येतं की नाही हे कुणी विचारत नाही, भाचा आहे एवढं पुरतं. ओस्मारचा भाचा तर चांगला दाढीवाला, तिशीचा, मामाच्याच औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. नाव वेलिंग्टन, पण जन्मदाखल्यावर ते ऐकू आलं तसं लिहिलंय आणि बाईंना ते अजून सहन होत नाही.

"आणि बदकं कोण म्हणणार?" बाईंनी विचारलं.

"बदकांची काय गरज आहे बाई? बावीस म्हणजे बावीस."

बाई उठून उभ्या राहिल्या. "कम्प्युटरच हवा ना तुम्हाला? मग प्रोग्रॅम मी करते. ज्याचा प्रोग्रॅम त्याचा माईक. माझ्या जागी पत्र्याच्या डब्याने बोलायचं म्हणजे काय? मी मेलेय का अजून?"

फादर एवारिस्तो अध्यक्षस्थानी होते. त्यांना भांडण नको होतं आणि केक खायचा होता. त्यांनी ठरवून टाकलं की जत्रेच्या आधीच्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही प्रोग्रॅम चालवून बघायचे. ज्याचा नीट चालेल, त्याच्या हाती यंदाचा बिंगो.

आता प्रोग्रॅम करायचा म्हणजे आधी त्याची भाषा शिकायची, आणि कुठली शिकायची हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत हे सहज विचारलं, आणि तिथेच चूक झाली. ज्या गावात खड्डा बुजवायला माणूस मिळत नाही, तिथे कम्प्युटरची भाषा सांगायला रांग लागली. बेकरीवाला तार्सिझियो चीजचे पाव पिशवीत भरता भरता म्हणाला, "जावा शिका बाई, माझा मेहुणा जावावर घर चालवतो." मागून कुणीतरी म्हणालं, "जावा म्हाताऱ्यांची भाषा झाली, जावास्क्रिप्ट शिका."

"ही दोघं भावंडं का?" बाईंनी विचारलं.

"छे, काही संबंध नाही."

"मग आडनाव का लावलं?"

गुरांचे डॉक्टर म्हणाले की पाया पक्का हवा असेल तर सी. "सी? नुसतं अक्षर?" बाई म्हणाल्या, "अक्षरं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आता मला कोण शिकवणार सी?" बाहेर रस्त्यावर आल्या तर खुद्द वेलिंग्टन औषधाच्या दुकानातून मान बाहेर काढून ओरडला, "पायथन, बाई, पायथन. लहान पोरंसुद्धा शिकतात." तेव्हा तर बाई त्याच्याकडे न बघताच पुढे गेल्या. मग एकाने सांगितलं की लुआ नावाची भाषा आपल्या रिओत जन्मली, आपल्याच लोकांनी केलेली, आणि नाव तर बघा, चंद्र. बाईंचा चेहरा खुलला. घरी जाऊन त्यांनी लुआ उघडून बघितली आणि अर्ध्या तासात शेजारच्या झेलियाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

झेलिया शिवणकाम करते. तिने मशीन थांबवलं.

"आत सगळं इंग्रजी आहे," बाई म्हणाल्या. "जन्म रिओचा, नाव चंद्र, आणि तोंड उघडलं की इंग्रजी. 'जर' इंग्रजी, 'नाहीतर' इंग्रजी. सगळ्या भाषा तशाच, झेलिया, सगळ्या. मी माझ्या चर्चमध्ये, माझ्या गावात, एक आकडा मागायचा तर तो परक्या भाषेत मागू? आयुष्यभर मी या पोरांना आपली भाषा शिकवली ती कशासाठी?"

"अगं लेओ, यंत्राला काय कळतंय कुठली भाषा ते."

"तेच म्हणते मी. कळत नाही ना? मग आपली का नाही?"

झेलियाला हे पटलं. तिने जानाइनाचं नाव काढलं. जानाइना बाईंची लाडकी विद्यार्थिनी, जिल्ह्याच्या गावी तंत्रशाळेत शिकवते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी एकच भाषा आहे. पोर्तुगोल. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना हीच देतो. सगळे शब्द पोर्तुगीज. 'लिहा', 'वाचा', 'जर', 'नाहीतर', 'जोवर', सगळं आपलं."

बाईंनी फोन छातीशी धरला. त्या दिवशी त्या पुन्हा बेकरीत गेल्या, पाव नको असताना गेल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की त्यांनी भाषा निवडली आहे आणि ती भाषा त्यांना आधीपासूनच येते.

पुढचे काही दिवस खरंच बरे गेले. जानाइना रोज संध्याकाळी फोनवर शिकवायची, बाई कॉफी घेऊन बसायच्या आणि भराभर उचलायच्या. पहिली कुरबुर 'इनिसियो' या शब्दावर झाली. इनिसियो म्हणजे सुरुवात. प्रोग्रॅमच्या डोक्यावर तो लिहावाच लागतो, पण मधल्या अक्षरावरची तिरपी रेघ न देता. बाई म्हणाल्या, "वाऱ्याने टोपी उडाली असं समजते." मग 'नाहीतर' या शब्दावरची लाटेसारखी खूण गेली. बाईंनी ओठ आवळले आणि तेही गिळलं. माईक हवा होता.

त्यानंतर 'फासा' आला.

फासा म्हणजे 'करा'. यात सी अक्षर येतं आणि त्याच्या खाली एक छोटी शेपटी असते. शेपटी असली की सीचा स होतो. शेपटी काढली की क होतो, आणि मग 'फासा'चा 'फाका' होतो. फाका म्हणजे सुरी. पोर्तुगोलमध्ये ही शेपटी चालत नाही. यंत्राला सांगायचं असतं, 'जोवर निघालेला आकडा आधी येऊन गेलेला आहे, तोवर हे करा, दुसरा काढा.' आणि लिहायचं असतं, 'जोवर आकडा आधी येऊन गेलेला आहे, तोवर सुरी.'

बाईंनी शेपटीसकट लिहिलं. यंत्राने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

लाल रेघ, बाईंच्या शब्दाखाली. आमच्या गावात लाल शाई म्हणजे बाई आणि बाई म्हणजे लाल शाई. त्यांना स्वतःला ती कुणी आजवर दाखवलेली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. शब्द पुसून पुन्हा लिहिला, शेपटी जरा जोर लावून दिली. पुन्हा लाल.

"बाई, ती शेपटी काढा," जानाइना फोनवर म्हणाली. "फाका लिहा. सगळे तसंच लिहितात."

"सगळे कोण?"

"सगळे विद्यार्थी. अख्खा देश."

"अख्खा देश 'करा' म्हणायच्या जागी 'सुरी' म्हणतो आणि तू त्यांना पास करतेस? जानाइना, तू माझी विद्यार्थिनी."

"बाई, प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ते तसं ठेवलंय. मी काय करू?"

"त्यांना कुणी शिकवलं ते सांग मला आधी."

जानाइनाने तिच्या परीने पुष्कळ समजावलं. बाईंनी फोन ठेवला आणि त्या शब्दाशिवायच प्रोग्रॅम करायचा ठरवला. 'करा' म्हणायचंच नाही, मग शेपटीचा प्रश्नच नाही. त्यांनी एकच ओळ, 'आकडा काढ आणि लिही', एकाखाली एक पंचाहत्तर वेळा उतरवली. सबंध रविवार त्यात गेला. चर्चलाही गेल्या नाहीत, फादरनी विचारपूस केली तेव्हा झेलियाने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. संध्याकाळी प्रोग्रॅम चालवला तर तो चालला, एकही लाल रेघ नाही, पण त्याने बावीस काढला, मग नऊ, मग पुन्हा बावीस, मग चाळीस, आणि मग परत बावीस.

"सहा बदकं झाली," झेलिया म्हणाली.

आधी आलेला आकडा परत येऊ द्यायचा नसेल तर 'जोवर' हवं, आणि 'जोवर' असेल तर 'सुरी' हवीच. बाईंनी सगळी वाक्यं फिरवून बघितली. यंत्राला दुसरं काही पटेना.

"काढून टाक ना ती शेपटी," झेलिया वैतागून म्हणाली. "एवढीशी तर आहे. कोण बघतंय?"

"आज शेपटी काढू, उद्या पाय काढू, परवा भाषा उरेल का? तू सदऱ्याची एकच बाही शिवतेस आणि गिऱ्हाइकाला सांगतेस का, एवढीशी तर आहे, कोण बघतंय?"

"गिऱ्हाईक गुरुवारी येणार असेल आणि बाही होतच नसेल तर सांगते बाई. मला पोट आहे."

बाई चिडून घरी गेल्या. दोन दिवस झेलियाशी बोलल्या नाहीत. औषधाच्या दुकानातून मात्र रोज यंत्राचा आवाज यायचा, वेलिंग्टन काहीतरी वाजवून बघत असायचा, आणि बाईंना तो रस्त्यापलीकडून ऐकू यायचा. बुधवारी दुपारी त्या झेलियाकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काढली," त्या म्हणाल्या.

झेलियाने मशीनवरून मान वर केली नाही. "चाललं?"

"चाललं." बाईंचे डोळे भरून आले होते. "लगेच चाललं. लाज नाही त्या यंत्राला."

गुरुवारी हॉल भरला. चाचणीलाही बक्षीस म्हणून मक्याच्या पिठाचा केक ठेवला होता, त्यामुळे सगळे आपापल्या बिंगोच्या चिठ्ठ्या आणि निघालेल्या आकड्यावर ठेवायला मक्याचे दाणे घेऊन आले. पहिली पाळी वेलिंग्टनची. पडद्यावर फुलं आली, फुगे आले, भोवती दिवे फिरले, पण दिव्यांच्या गर्दीत आकडा इतका बारीक आला होता की पहिल्या बाकालाही तो दिसेना. मग यंत्र बोललं. कुणा अनोळखी बाईचा आवाज होता आणि ती काय म्हणाली ते एकालाही कळलं नाही.

"काय म्हणतेय ही?" बेलार्मिनो आजोबांनी विचारलं.

वेलिंग्टनने आवाज निवडताना यादीतलं पहिलं पोर्तुगीज निवडलं होतं, आणि ते निघालं समुद्रापलीकडच्या लिस्बनचं. ती बाई अर्धी अक्षरं गिळायची आणि उरलेली दातांत चावायची. तिने त्रेसष्ट म्हटलं की त्र्याहत्तर यावर तिसऱ्या रांगेत भांडण लागलं. अर्ध्यांनी इकडे दाणा ठेवला, अर्ध्यांनी तिकडे. थोड्या वेळाने तिघं एकदम बिंगो म्हणून उठले आणि तिघांचाही चुकीचा निघाला. डोना कारोलिनाने तर चिडून सगळे दाणे पर्समध्ये टाकले.

"आवाज वाढव," ओस्मार भाच्याला म्हणाला.

"वाढवून काय होणार मामा, ती मोठ्याने गिळेल."

फादरनी वेलिंग्टनला बसायला सांगितलं. आता बाई उठल्या. हॉलमध्ये आपोआप शांतता झाली. बाईंनी लॅपटॉप जोडला आणि त्यांचा प्रोग्रॅम भिंतीवर पडला, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, फुगे नाहीत, दिवे नाहीत. ओळी तिरप्या नाहीत, समास सारखा. बाई बटण दाबणार एवढ्यात मागून कुजबुज सुरू झाली. कुणी बोट दाखवलं. गुरांच्या डॉक्टरांनी चष्मा लावला. ज्या लोकांच्या डोक्यात ती शेपटी बाईंनीच ठोकून बसवली होती, त्यांना ती नसलेली दिसणारच. तार्सिझियो तर भीतभीत हात वर करून बसला, शाळेतल्यासारखा.

ओस्मार उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाई," तो म्हणाला, "तिथे 'सुरी' लिहिलंय."

"लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"आठवीच्या परीक्षेत मी निबंधात हेच लिहिलं होतं. 'देवा, माझ्यावर एवढी कृपा सुरी.' तुम्ही सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवलंत. मला शून्य दिलंत. वडिलांनी त्या उन्हाळ्यात मला नदीवर जाऊ दिलं नाही. तीन पानांचा निबंध होता बाई, आणि एक शेपटी. मग मी विचारतो, याला किती मार्क?"

आम्हाला ओस्मारचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर बोलतोय याचा जास्त आला. बाई भिंतीकडे बघत होत्या. यंत्राला दोष देता आला असता, जानाइनाला देता आला असता. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"शून्य," त्या म्हणाल्या, आणि माईक टेबलावर ठेवून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

याची ओस्मारने तयारी केलेली नव्हती. बाई भांडतील, मग तो भांडेल, एवढंच त्याने घरून ठरवून आणलं असावं. तो तसाच उभा राहिला.

"आता झालं का समाधान?" झेलिया त्याला म्हणाली. "दिवसच्या दिवस बसलेय ती त्याच्यावर. रडून काढलीये ती शेपटी."

"मी फक्त विचारलं," ओस्मार म्हणाला.

"बदकं कधी येणार?" बेलार्मिनो आजोबांनी विचारलं. "मी बदकांसाठी थांबलोय."

फादर केकाकडे बघून म्हणाले की दोघंही नापास झाले असतील तर यंदा बिंगोच नको. हे ऐकून हॉलमध्ये जो गलका उठला तो फादरनी आपल्या प्रवचनाला कधी ऐकला नसेल. सगळे ओस्मारवर तुटून पडले. पडद्याची हौस कुणाला होती, भाचा कुणाचा, लिस्बनची बाई कुणी आणली. ओस्मार कपाळ पुसत बाईंच्या खुर्चीपाशी आला.

"बाई, उठा. तुमचा प्रोग्रॅम आकडे काढेल, तुम्ही बोला."

"शून्य मिळालेल्या मुलाला मी कधी मंचावर उभं केलेलं नाही."

"पण चूक तुमची कुठे आहे? बरोबर काय ते तुम्हाला ठाऊक होतं. यंत्राला बरोबर कळत नाही, त्याने लिहायला लावलं. शून्य द्यायचं तर यंत्राला द्या."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. एवढं सरळ वाक्य त्याने शाळेत कधी लिहिलं नव्हतं. "यंत्राला शून्य," त्या हळूच म्हणाल्या. "हे मान्य आहे."

त्या उठल्या, झाकण उघडलं, माईक हातात घेतला. सगळे आपापल्या बाकांवर बसले. ओस्मार मात्र जागेवर गेला नाही. तो तिथेच घुटमळत राहिला, चुळबुळ करत.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे, मी म्हणतो," ओस्मार खाली बघत म्हणाला, "ही शेपटी जर माफ होत असेल, तर माझं आठवीतलं ते शून्य..."

"ते राहील," बाई म्हणाल्या. "तू काही कम्प्युटर नव्हतास."

माईक चालू होता. मागच्या रांगेत बेलार्मिनो आजोबांनी मक्याचा दाणा उचलला, आणि 'कम्प्युटर' म्हणजे कुठला आकडा म्हणून शेजारणीला विचारलं.